अठरा हजार मैल

दोन कार्डांपैकी कोणतं घ्यायचं, यावर गावंड्यांच्या घरात आठ दिवस खल चालला होता.

दोन हजार चाळीस सालचा एप्रिल होता. अकोल्याचं ऊन सकाळी नऊलाच अंगणात उतरायचं. जेवणाच्या टेबलावर दोन माहितीपत्रकं पसरलेली, त्यांच्यावर वजन म्हणून एकीकडे मिठाची बरणी आणि दुसरीकडे विलासरावांचा चष्मा. विलासराव गणिताचे निवृत्त शिक्षक. आख्खी कॉलनी त्यांना गावंडे सर म्हणे. शाळेत शिकवणं सोडलं तर बाकी सगळं शुभदाबाईंनी सांभाळलं होतं: घर, सासरे, आणि ऋजुता. ऋजुता ही त्यांची एकुलती एक मुलगी. चार वर्षांपूर्वी ऑकलंडला गेली ती शेवटच्या स्वस्त विमानांपैकी एकाने. त्यानंतर घरच्या कुणी तिला हात लावून पाहिलेलं नव्हतं.

समजावून सांगायला शेजारची कीर्ती ताथोड आली होती. ती बँकेत होती आणि लग्न होऊन कॉलनीत येऊन तिला वर्षच झालं होतं.

"काकू, साधी गोष्ट आहे. विमानात पूर्वी जमिनीतलं तेल घालायचे. ते आता बंद झालं."

"ते माहीत आहे गं. तिकिटं का मिळत नाहीत ते सांग."

कीर्तीने पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं. नवं इंधन हवेतून बनतं, ती म्हणाली. मोठमोठे पंखे हवा ओढतात, तिच्यातला कार्बन डायऑक्साइड एका रसायनावर धरून ठेवतात. दुसरीकडे पाणी फोडून हायड्रोजन काढतात. मग दोघांना तापवून, दाबून रॉकेलसारखं स्वच्छ तेल तयार करतात. ते विमानात जळलं की हवेतून घेतलेला कार्बन हवेतच परत जातो, जास्तीचा जात नाही. जगाने इतकी वर्षं डोकं लावून शोधलेला हा उपाय खरोखर चांगला होता. अडचण एकच. एक लिटर तेलामागे पंचवीस युनिट वीज लागते. ऑकलंडला जाऊन यायला एका माणसाच्या वाट्याला सातशेवीस लिटर तेल येतं.

"अठरा हजार युनिट," विलासराव म्हणाले. त्यांना कागद लागला नाही.

"बरोब्बर, सर. तेवढी वीज आधी कुठून तरी यायला हवी, मग तिकीट. म्हणून हे मैल. एक युनिट म्हणजे एक मैल."

मैल मिळवायचे दोन रस्ते होते. 'क्षितिज' कार्डावर खर्च करायचा. दुकानदार त्यातला थोडा भाग नव्या सौर प्रकल्पात घालणार आणि तुम्हाला मैल देणार. समोरच्या बंगल्यातल्या तायड्यांनी हेच घेतलं होतं. सोनं घ्यायचं तर कार्डावर, फरशी बदलायची तर कार्डावर. 'संचय' कार्ड होतं ते घराच्या मीटरला जोडलेलं. आजवर सरासरी जितकी वीज जळायची तिच्यापेक्षा कमी जाळा. जितकी वाचेल तितकी तेलाच्या कारखान्याला जाईल, तितके मैल तुमचे.

"वर्षाकाठी किती वाचेल आपली?" शुभदाबाईंनी विचारलं.

"तीनशेवीसची सरासरी आहे महिन्याची. एसी, कूलर, फ्रिज, सगळं धरून," विलासराव म्हणाले. "सत्तरात भागवलं, तर अडीचशे वाचतील. वर्षाला तीन हजार. सहा वर्षं लागतील."

"सहा वर्षं कूलरशिवाय? इथं?" कीर्ती म्हणाली. "काकू, क्षितिजच घ्या. हळूहळू का होईना."

शुभदाबाईंनी दोन्ही पत्रकं उचलली आणि क्षितिजचं दुमडून कीर्तीच्या पर्सवर ठेवलं. "खर्च करणं आम्हाला जमायचं नाही," त्या म्हणाल्या. "न करणं जमेल."

अर्ज विलासरावांनी भरला. त्यांचं अक्षर सुरेख होतं.

"नाव बिलावर आहे तसंच घालायचं का?"

"हो सर, बिलावर आहे तसंच. नाहीतर मीटर जुळत नाही. ओळखबिळख सगळी तिकीट काढताना बघतात."

त्यांनी बिल समोर धरलं आणि एकेक अक्षर उतरवून घेतलं. कीर्तीने नुसती नजर टाकली आणि फोटो काढून पाठवून दिला.

*

पहिल्या वर्षी एसी आणि कूलर गेले. दुसऱ्या वर्षी फ्रिज विकला, तेव्हा शुभदाबाईंना दही रोज लावायची सवय पुन्हा लागली. मिक्सर कपाटात गेला. गच्चीच्या जिन्याखाली पडलेला पाटा तायड्यांच्या माळ्याला मदतीला घेऊन आत आणला. खिडक्यांना ओल्या चादरी, मडक्याला ओलं फडकं, फरशीवर सकाळ-दुपार पाणी. पंखा फक्त मेमध्ये, दुपारी एक ते चार. चार वाजले की जो जवळ असेल तो उठून बटण दाबायचा.

तायडेबाई कुंपणावरून म्हणायच्या, "काय वो शुभदाबाई, येवढ्या उन्हात पंखा बंद करून बसून राहिल्या? पोरीकडे जाऊन राहिल्या का देवाकडे?"

"जे आधी लागेल ते," शुभदाबाई म्हणत.

पाहुणे यायचे बंद झाले. आले तरी तासाभरात रुमालाने मान पुसत उठत. शुभदाबाईंना त्याचं वाईट वाटे, पण त्या मनात म्हणत, हा तासभर म्हणजे पंख्याचा एवढा, दिव्याचा एवढा.

दुपारी घाम पुसत पडल्या की त्यांना जुनं आठवे. माणसं लग्नाला विमानाने जात तो काळ. ऋजुता पुण्याला शिकायला होती तेव्हा एका दिवाळीला ती विमानाने नागपूरला उतरली, कारण तिकीट स्लीपर बसपेक्षा स्वस्त पडलं होतं. विमान दोन तास उशिरा आलं म्हणून बाप-लेक दोघंही घरी येईपर्यंत कुरकुरत होते. शुभदाबाई स्वतः एकदाच विमानात बसल्या होत्या, भाच्याच्या मुंजीला जाताना. पहाटे उठल्यामुळे खुर्चीला पाठ टेकताच त्यांना झोप लागली, ती उतरताना जाग आली. त्या काळी माणसं विमानात झोपत असत. आता हे कुणाला सांगितलं तर त्याला खोटं वाटेल.

महिन्याच्या दहा तारखेला बिल यायचं. बिल फोनवर कधीच गेलं होतं, पण विलासरावांनी खास अर्ज करून कागदाचं चालू ठेवलं होतं. पाकीट हातात घेऊन ते आत हाक मारत, "आबाजींचं टपाल आलं गं."

आबाजी म्हणजे त्यांचे वडील, आत्माराम सखाराम गावंडे. अठ्ठ्याऐंशी साली त्यांनी हे घर बांधलं, मीटर घेतलं आणि एकवीस साली ते गेले. बिल त्यांच्याच नावाने येत राहिलं. कॉलनीतल्या निम्म्या घरांची बिलं अशीच गेलेल्या माणसांच्या नावाने येत. नाव बदलून घ्या, असं शुभदाबाई सुरुवातीची काही वर्षं म्हणत असत. विलासराव "घेऊ" म्हणत. मग त्यांनीही म्हणणं सोडलं. संचय कार्डावरही आबाजींचंच नाव छापून आलं, तेव्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. घर आबाजींचं, नळ आबाजींचा, मग मैलही त्यांच्याच नावावर असणार. बिलाखाली हिरव्या अक्षरांत मैलांचा आकडा असे. विलासराव तो मोठ्याने वाचत आणि शुभदाबाई कॅलेंडरवर लिहून ठेवत.

त्रेचाळीसच्या जूनमध्ये विलासरावांना उन्हाचा झटका आला. दुपारी बाथरूममधून येताना भिंत धरून खाली बसले आणि शुभदाबाईंना ओळखेनात. चार दिवस दवाखान्यात काढले. घरी आल्यावर शुभदाबाईंनी आठ दिवस पंखा सुरू ठेवला. नवव्या दिवशी त्या भाजी घेऊन आल्या, तर पंखा बंद आणि विलासराव उघड्या अंगाने फरशीवर.

"अहो, हे काय?"

"अकरा मैल मागे गेलो आपण," ते म्हणाले. "पुरे आता."

शुभदाबाईंनी ओलं फडकं पिळलं आणि त्यांच्या पाठीवर ठेवलं. जन्मभर या माणसाने त्यांच्याशी गोड म्हणून काही बोललेलं नव्हतं. त्यांना वाटलं, हेच ते असावं.

*

सेहेचाळीसच्या जानेवारीत ऋजुताचा फोन आला. ती सदतीस वर्षांची होती. आधीची दोन मुलं पोटातच गेली होती. या वेळी पाचवा महिना लागेपर्यंत तिने घरी सांगितलंच नव्हतं.

"डॉक्टर म्हणतात, सातव्यापासून पडून राहायचं," ती म्हणाली. "कौस्तुभ तर तीन-तीन आठवडे समुद्रात असतो." तिचा नवरा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला होता. "आई, मागच्या दोन्ही वेळी मी काही बोलले नाही. या वेळी तू हवीस."

"मार्चमध्ये अठरा हजार पुरे होतात," शुभदाबाई म्हणाल्या. "एप्रिलमध्ये मी तिथे."

"नक्की ना?"

"तुझ्या बाबांचं गणित आहे ते."

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. ते नाही तर निदान माहेर तिकडे जायचं, एवढंच आता हातात उरलं होतं. शुभदाबाई कामाला लागल्या. डिंक, अळीव, बाळंतशेपा, ओवा. ट्रंकेच्या तळाशी आबाजींच्या धोतराचा एक तुकडा घडी घालून ठेवलेला होता, धुऊन धुऊन लोण्यासारखा झालेला. नव्या बाळाच्या अंगाला नवं कापड लावत नाहीत. त्यांनी त्या धोतराची चार झबली बेतली, हाताने शिवली. मशीन विजेवर होतं.

बारा मार्चला आकडा अठरा हजार सहा झाला. विलासरावांनी इस्त्री नसलेला पण स्वच्छ सदरा घातला आणि दोघं आरक्षण कार्यालयात गेले.

खिडकीपलीकडे प्राची नावाची तरुण मुलगी होती. तिने कार्ड लावलं आणि पडद्याकडे पाहून हसली. "अठरा हजार! संचयवर एवढे पुरे केलेलं माझ्याकडे हे दुसरंच घर. आत्माराम गावंडे आपणच का काका?"

"नाही. ते माझे वडील."

"त्यांना आणलंय का? बोट लावायला लागेल त्यांचं."

"ते वारले. एकवीस साली."

प्राचीने कीबोर्डवरचे हात मांडीवर घेतले. "मग प्रवास कोण करणार आहे?"

"मी," शुभदाबाई म्हणाल्या. "सून आहे त्यांची."

"काकू, हे मैल त्यांच्या नावावर आहेत."

"मीटर त्यांच्या नावावर आहे. वीज मी वाचवली."

"बरोबर आहे. पण मैल मीटरवर ज्याचं नाव त्याचे. दुसऱ्याला देता येत नाहीत. बेचाळीसपर्यंत वारसांना मिळत होते. मग गेलेल्या माणसांचे मैल विकायचा धंदाच सुरू झाला, म्हणून ते बंद केलं. आता मृत्यूचा दाखला लावला की मैल रद्द होतात."

"आणि नाही लावला तर?" विलासरावांनी विचारलं.

"तर राहतात. त्यांच्या नावावर."

"म्हणजे आबाजींना जाता येईल."

प्राचीने पडद्यावरचा नियम पुन्हा वाचला. "नियमाप्रमाणे हो, काका."

"खिडकीजवळची जागा द्या त्यांना," शुभदाबाई म्हणाल्या. "कधी बसले नव्हते."

प्राचीने तिच्या साहेबांना बोलावलं. साहेब भला माणूस होता. त्याने दोघांना आत बसवलं, पाणी दिलं, वरच्या कार्यालयाला दोन फोन केले. दुसऱ्या फोननंतर त्याने डोकं हलवलं आणि नाव बदलायचा अर्ज हातात दिला. "निदान पुढचे तरी तुमच्या नावावर होतील, ताई."

*

घरी येऊन शुभदाबाईंनी चपला काढल्या, मडक्यातलं पाणी घेतलं, प्यायल्या आणि भांडं पालथं घातलं.

"किती वेळा सांगितलं होतं मी."

विलासराव खुर्चीत बसले होते. "दारावरची पाटी मीच बदलली," ते म्हणाले. "रेशनकार्डातून मीच कमी केलं त्यांना. बँकेतून, मतदारयादीतून. प्रत्येक खिडकीपाशी उभं राहून सांगायचं, वडील वारले, नाव काढा. मग म्हटलं, हे एक राहू दे. महिन्याला एक पाकीट येतं, त्यावर श्री. लिहिलेलं असतं. कुणाचं काय बिघडतंय."

शुभदाबाईंना पुष्कळ बोलायचं होतं. पण गेल्या सहा वर्षांत बहात्तर बिलं आली होती आणि बहात्तर वेळा ते नाव त्यांनीही वाचलं होतं. त्या आत गेल्या.

संध्याकाळी कीर्ती रडवेल्या चेहऱ्याने आली. "माझंच चुकलं, काकू. मला वाटलं, सरांचंच नाव आत्माराम आहे. कॉलनीत सगळे त्यांना गावंडे सर म्हणतात. आणि तुमच्या तोंडून तर त्यांचं नाव मी कधी ऐकलंच नाही. तुम्ही 'अहो' म्हणता."

बेचाळीस वर्षांच्या संसारात शुभदाबाईंनी नवऱ्याचं नाव खरंच कधी उच्चारलं नव्हतं. उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. "तुझं काही चुकलं नाही, बाई," त्या म्हणाल्या.

ऋजुताला दुसऱ्या दिवशी सांगितलं. काही लपवलं नाही. ऋजुताने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ती हसली.

"म्हणजे आबाजी येतायत माझ्या बाळंतपणाला?"

"ऋजू."

"नाही, येऊ दे ना. आबाजी कडबोळी छान करायचे." मग तिने फोन पलंगावर ठेवला असावा. पडद्यावर नुसतं छत दिसत राहिलं. शुभदाबाई त्या छताकडे पाहत बसल्या. लेक फोन पुन्हा उचलेपर्यंत त्यांनी फोन बंद केला नाही.

दाखला लावला. मैल रद्द झाल्याचा दोन ओळींचा निरोप आला. मे महिन्यात पहिल्यांदा एक पाकीट आलं, ज्यावर श्रीमती शुभदा विलास गावंडे असं होतं. सासरी आल्यापासून त्यांच्या नावाने आलेलं ते पहिलं सरकारी टपाल. विलासरावांनी हाक मारली नाही. पाकीट टेबलावर ठेवून ते बाजूला उभे राहिले.

कीर्तीने नव्या कार्डाचे तपशील फोनवर उघडले आणि तिचा चेहरा बदलला.

"काय झालं?"

"काकू, नवं खातं उघडलं की मागच्या पाच वर्षांची सरासरी धरतात. तुमची आता सत्तर आहे."

"मग?"

"मग त्याच्या खाली जेवढं जाल, तेवढेच मैल. एक दिवासुद्धा लावला नाही, तरी महिन्याला सत्तर."

शुभदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा विलासरावांनी गणित करायला वेळ घेतला, किंवा केलेलं सांगायला.

"एकवीस वर्षं," ते म्हणाले.

त्या तेव्हा अठ्ठ्याऐंशीच्या असत्या. कीर्ती क्षितिज कार्डाबद्दल काही बोलायला लागली, मग सरांच्या पेन्शनीचा आकडा आठवून आपणच थांबली.

*

एकोणीस मेला मुलगी झाली, दोन आठवडे आधी. कौस्तुभ समुद्रातच होता. त्याला किनाऱ्यावर यायला तीन दिवस लागले. दवाखान्यातून ऋजुता एकटी घरी आली आणि तिने फोन उशीला टेकवून उभा केला.

"आई, दुपट्यात कसं गुंडाळायचं? सुटतंय सारखं."

शुभदाबाईंनी सोफ्यावरचा तक्क्या घेतला, टेबलावर पंचा तिरका अंथरला. "वरचं टोक आत मोड. आता डावा हात खाली घे तिचा. हात म्हणजे, असा." त्यांनी तक्क्याचा हात खाली घेतला. "आता हे टोक पाठीखाली सार. घट्ट."

"रडतेय ती."

"रडू दे. आणखी घट्ट. ऐक माझं."

पडद्यावरच्या गाठोड्याचं रडणं हळूहळू थांबलं. ऋजुता डोळे मिटून भिंतीला टेकली. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, ओठ सुकलेले होते. तिला कुणी अळिवाची खीर करून दिली नव्हती. शुभदाबाईंच्या मांडीवर तक्क्या तसाच होता, गुंडाळलेला. त्या त्याला थोपटत होत्या हे विलासरावांना दिसलं आणि ते दुसरीकडे बघू लागले.

फोन ठेवल्यावर ते उठले, पंख्याचं बटण दाबलं आणि रेग्युलेटर पाचवर नेला. दुपारचे चार वाजून गेले होते. पंखा आधी कुरकुरला, पात्यांवरची धूळ खाली पडली, मग तो फिरायला लागला. टेबलावरचं बिल उडून कोपऱ्यात गेलं.

शुभदाबाईंनी चारही झबली काढली. विमानाने वस्तू पाठवायलाही मैल लागत. जहाजाने पार्सल पाच महिन्यांत पोचेल, असं त्यांनी विचारून ठेवलं होतं. त्या झबल्यांची शिवण उसवायला लागल्या. एकेक टाका कात्रीच्या टोकाने उचलायचा आणि दोरा ओढून घ्यायचा.

"पाच महिन्यांची पोर केवढी असते हो?"

विलासरावांनी दोन्ही हात हवेत धरले. त्यांतलं अंतर आधी थोडं होतं, मग त्यांनी ते वाढवलं.

"एवढी असेल."

"जहाजाला उशीर झाला तर?"

त्यांनी हात आणखी लांब केले आणि तसेच धरून ठेवले. शुभदाबाईंनी त्या हातांमध्ये धोतराचा उरलेला तुकडा लावून पाहिला. चार झबल्यांचं कापड जोडून आता एकच होणार होतं, तेही जेमतेम. त्यांनी खडूने रेघ मारली, वाऱ्याने कापड उडू नये म्हणून एका टोकावर मिठाची बरणी ठेवली आणि कापायला सुरुवात केली.

पंखा पाचवर फिरत होता. तो बंद करायला कुणी उठलं नाही.